बिनतारांचा बेंजो

१

यातल्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखव, मग मानीन तुला. नाही ठेवणार तू. या मजल्यावर कोणीच ठेवत नाही. रुक्मिणीआजी बोलली म्हणजे थाप, हे आमच्या लिफ्टलासुद्धा ठाऊक आहे. मागच्या उन्हाळ्यात सेक्रेटरीच्या दाराला बाहेरून कडी घातली नि जिन्यात उभी राहून "पाणी आलं, पाणी आलं" म्हणून ओरडले. आतून दार बडवत होता मेला. तेव्हापासून माझ्या दारात मांजर मेली तरी लोक म्हणतात, आजीनंच केलं असणार.

बस त्या पेटीवर. खुर्ची नाहीये. आणि कानातलं ते गाण्याचं काढ आधी, मग बोलू. जोगेश्वरीहून आलीस ना हा डब्बा बघायला? तो बघ, खिडकीखाली, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठेवलाय. जाहिरातीत लिहिलंय तसाच आहे. एक ओरखडा नाही. शिकणाऱ्यासाठी झकास, असं लिहिलंय ना? खरंय. शिकवतो तो.

मी वाल सोलते, तू ऐक. ऐकून झालं की उचल, नाहीतर ठेव.

हा प्रांजलचा. प्रांजल म्हणजे शेजारच्या खोलीतल्या धाकूची मुलगी, चोवीस वर्षांची. त्यांची नि माझी भिंत एक. ती शिंकली तर मी इकडून "शंभर वर्षं जग" म्हणायचे, इतकी पातळ. तिला डीजे व्हायचं होतं. लग्नातल्या हळदीला गाणी लावायची, बायकांना नाचवायचं. या आमच्या दहिसरच्या बिल्डिंगीतून बाहेर पडायला तिला तेवढा एकच दरवाजा दिसत होता.

सहा महिने तिनं नुसते व्हिडिओ बघितले. गाणी जोडायचा हा डब्बा, कंट्रोलर म्हणतात त्याला, तो दोन चॅनेलचा घेऊ की चारचा? या कंपनीचा की त्या? तिचा एक मित्र, सिद्धेश, अंधेरीला साउंडच्या दुकानात कामाला. तो म्हणाला, "यार, शिकायला दोन बस झाले. साउंड कार्ड आतच असलं पाहिजे, नाहीतर हेडफोनात एक नि बाहेर एक ऐकता येणार नाही. आणि सोबतचं सॉफ्टवेअर नीट बघून घे. फुकट म्हणून देतात आणि अर्धी बटणं बंद ठेवतात."

ते हेडफोनाचं तिनं मला समजावलं होतं. मला फार आवडलं बघ. लोक एक गाणं ऐकतायत, आणि हिच्या कानात त्याच्या पुढचं चाललंय, जे अजून कोणाला म्हणजे कोणाला ऐकू जात नाही. डब्ब्याच्या दोन बाजूंना दोन गाणी, ठेक्याला ठेका जुळला की मधली पट्टी हळूच एकीकडून दुसरीकडे सरकवायची. लोकांना कळतसुद्धा नाही कधी बदललं. मी म्हटलं, अगो, ही तर माझीच विद्या!

डब्बा घरी आला तेव्हा धाकू दारात उभा होता. धाकूनं चाळीस वर्षं बेंजो पार्टीत बेंजो वाजवला. गणपती म्हणू नको, हळद म्हणू नको. गोरेगावच्या छापखान्यात कागद कापायच्या मशीनखाली डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाचं टोक गेलं, तरी त्या अर्ध्या बोटानं बटणं दाबायचा. त्यानं डब्बा उलटासुलटा करून बघितला.

"ह्येच्यात तार खंय आसा गो?"

"तार नसते बाबा यात."

"मगे वाजता काय?"

"गाणी वाजतात. लोकांची. ती मी जोडते."

"म्हणजे लोकांची गाणी, मशीन वाजवता." धाकू हसला. त्याचं हसणं मला कधीच आवडलं नाही. "मगे तू काय करतंस?"

ती डब्बा उचलून आत गेली. पण तो शब्द तिला कुठे लागला ते मला भिंतीतून कळलं. त्या दुपारी तिकडे काहीच वाजलं नाही.

२

दिवाळी झाली नि धाकूला झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, वाचा गेली. त्याची बायको सुनंदा पाळणाघरात कामाला, ती संध्याकाळी यायची. दुपारभर बापाजवळ प्रांजल.

दोन ते चार तिच्या प्रॅक्टिसची वेळ. स्पीकर लावला तर खालचे वर येतात, म्हणून फक्त हेडफोन. धाकू कॉटवर, मांडीवर बेंजो. आता बेंजो कसा असतो सांगते. उजव्या हातानं तारा छेडायच्या, डाव्यानं बटणं दाबायची. उजवा हात तर मेला होता. डाव्यानं तो नुसती बटणं दाबायचा, आणि बटण तारेवर बसलं की बारीकसं वाजायचं, टिंव. टिंव टिंव. सूर नाही, काही नाही. डास कानाशी आल्यासारखं. हेडफोनातून शिरायचं ते तिच्या कानात.

"बाबा, जरा थांबा ना."

टिंव.

"बाबा, मी मिक्स करतेय!"

टिंव टिंव.

एक दिवस ती उठली, पक्कड घेतली आणि त्याच्या मांडीवरच बेंजोच्या सगळ्या तारा काढल्या. तो बघत होता. ती म्हणाली, "आता दाबा किती दाबायचं ते. तुम्हाला काय, एकच."

मग इकडे मला ऐकू यायला लागलं ते नुसतं खट. खट-खट. रिकाम्या बटणांचं. दोन ते चार. तिच्या कानात तिची गाणी, याच्या बोटांखाली लाकूड. एका खोलीत दोघं वाजवतायत आणि खोलीत वाजत काहीच नाहीये. मी भिंतीला टेकून वाल सोलायचे. मला हसू यायचं. आता नाही येत.

अधूनमधून तो त्या अर्ध्या बोटानं स्वतःच्या कानाकडे दाखवायचा. मग तिच्या हेडफोनाकडे. मला ऐकव.

"नंतर बाबा. हा एक होऊ दे."

पाच महिने नंतरच चाललं. एका मंगळवारी दुपारी तो गेला. ती तिथेच, चार हातांवर, डोक्याला हेडफोन. चार वाजता तिनं ते काढले. खटखट कधी थांबली, तिला सांगता आलं नाही. मला आलं असतं. पण मी त्या वेळी पेंगत होते.

३

दहाव्याला आम्ही घाटावर. गावाहून काका आलेला. पिंड ठेवलेत, आणि कावळा समोरच्या भिंतीवर बसून नुसता बघतोय. माणसासारखा, मान तिरकी करून.

काका हात जोडून म्हणाला, "गावच्या घराक कौलां घालतो रे." कावळा हलेना.

सुनंदा म्हणाली, "पोरीचं लग्न चांगल्या घरी करीन हो." नाही.

"वहिनीक अंतर देवचंय नाय." नाही.

ऊन चढत चाललं. भटजी घड्याळ बघतोय. आणि प्रांजलचा फोन सारखा थरथरतोय. हळदीचे कार्यक्रम घेणारी रश्मी मॅडम म्हणून होती, बोरिवलीची. तिनं कळवलेलं, अर्ध्या तासाचा मिक्स रेकॉर्ड करून आज संध्याकाळपर्यंत पाठव. पसंत पडला तर श्वेता नावाच्या मुलीची हळद तुझी. नाही पाठवलास तर दुसरी कोणी. सहा महिने ती या एका मेसेजची वाट बघत होती, आणि तो आला दहाव्याच्या दिवशी.

मी तिच्या मागे उभी. मला कुठे काय बोलावं कळत नाही, हे तर सगळे सांगतात. मी तिच्या कानाशी लागले. "अगो, त्याला कौलं नि लग्न काय करायचंय? त्याला म्हण, बाबा, माझ्यासंगं वाजवा. बघ कसा येतो धावत."

मस्करीत गं. देवाशपथ मस्करीत.

ती वैतागलेली होती. उन्हात डोळे बारीक करून तिनं हात जोडले नि भराभर बोलली, "बाबा, या हो आता. माझ्या प्रत्येक मिक्समध्ये वाजवा. मी नाही म्हणणार नाही."

कावळा खाली आला. उडाला नाही, उतरला. जिना उतरावा तसा.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मीसुद्धा. मी वर तिला डोळा मारला.

४

घरी येऊन तिनं आंघोळ केली आणि डब्ब्यापुढे बसली. सुतकात घरात वाजवायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं. पण तिनं मनाशी हिशेब केला, की कानातच तर ऐकायचंय. स्पीकर बंद. घरात कुठे वाजतंय? कोणाला ऐकू येणारच नाही ते वाजलंच नाही, नाही का?

आई आतल्या बाजूला झोपलेली. काका खाली तंबाखू आणायला गेलेला. कॉट उभी करून ठेवलेली, कोपऱ्यात बेंजो. तिनं सॉफ्टवेअरमधलं ते लाल बटण दाबलं, रेकॉर्डचं. अर्धा तास. तीन ठिकाणी ठेका घसरला, पण एकूण बरा झाला.

मग ती ऐकायला बसली.

पहिलं गाणं ठीक. दुसऱ्याच्या खाली काहीतरी होतं. तिला वाटलं गाण्यातलंच. तिसऱ्यातही होतं. तिनं आवाज वाढवला.

खट. खट-खट. खट.

तिनं मूळ गाणी एकेक करून तपासली. कुठल्याच गाण्यात नव्हतं. सिद्धेशला फोन लावला. तो म्हणाला, "रेकॉर्डिंगमध्ये खोलीतला आवाज येतच नाही गं. मशीनमधून जे बाहेर जातं तेवढंच जातं. तू ओरडलीस तरी येणार नाही."

"मग हे काय आहे?"

"लॅपटॉपचा माईक कुठेतरी चालू राहिला असेल. दुसरं काय असणार?"

हे तिला पटलं. पटवून घेतलं म्हण. माईक चालू होता, खोलीत खटखट होती, ती आत गेली. पण खोलीत तर कोणीच खटखट करत नव्हतं. मग ती पुन्हा ऐकत बसली, आणि तेव्हा तिच्या एक लक्षात आलं. तिचा ठेका जिथे जिथे घसरला होता, तिथे ती खटखट थांबत होती. तिच्यासाठी थांबायची. ती सावरली की पुन्हा सुरू. नवशिक्या पोरासाठी पार्टीतला म्हातारा हात थांबवून ठेवतो ना, तशी.

दुसरा मिक्स करायला वेळ नव्हता. संध्याकाळी तिनं तोच पाठवला. तासाभरात रश्मीचं उत्तर आलं, "तो खालचा खटखट ठेका कुठून आणलास? एकदम वेगळा. हळद तुझी."

५

दोन दिवसांनी ती माझ्या दारात. डोळे ओढलेले.

"आजी, एक खरं सांगशील?"

"मी? खरं?"

"परवा दुपारी तू भिंतीवर ठोकत होतीस का? खट खट असं?"

आता बघ. तिच्या तोंडावर अशी आशा होती, आणि मला असं वाटलं की वा, माझ्या नावावर आणखी एक. न करता.

"मग कोण करणार?" मी म्हटलं. "सुतकात गाणी लावतेस ना चोरून? म्हटलं, घाबरवू जरा पोरीला."

तिनं माझ्या दंडावर चापट मारली. "कसली नालायक आहेस गं तू! मला वाटलं... वाट लागली होती माझी, माहितीय?"

आणि हसली. बाप गेल्यापासून पहिल्यांदा. मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून थोडी रडली. मी तिच्या केसांतून हात फिरवत होते, आणि स्वतःवर खूश होते.

बेंजो त्याच दिवशी माझ्याकडे आला. गेलेल्याच्या वस्तू वाटून टाकतात ना. बिनतारांचा बेंजो कोणालाच नको होता.

६

हळद होती सकाळी अकराला, बोरिवलीच्या एका हॉलच्या गच्चीत. वर पिवळे पडदे, खाली पन्नास बायका, सगळ्या हळदीनं माखलेल्या. प्रांजलचं टेबल कोपऱ्यात, पाठ भिंतीला. ती प्रत्येकीला बजावत होती, "ताई, हळदीचा हात मशीनला नको हां." स्वतः तर सारखी रुमालाला हात पुसत होती. काळाभोर डब्बा, एक डाग नाही.

डाव्या बाजूला गाणं चालू. उजवी बाजू रिकामी, तिथे अजून तिनं काही घेतलंच नव्हतं. दुसऱ्या गाण्याला स्पीकरमधून आलं.

खट. खट-खट.

बायकांनी आरोळी ठोकली. नवरी श्वेता ओरडली, "ए डीजे, हेच! हेच वाढव!"

प्रांजलनं उजव्या बाजूचा आवाज खाली आणला. पार शून्यावर. ठेका होता तिथेच. तिनं हेडफोन चढवले आणि उजवी बाजू कानात घेतली. गाणं नव्हतं. नुसती बटणं. आणि बटणांच्या मागे श्वास, वाकड्या तोंडातून जातो तसा, एका बाजूनं ओला.

तिला वाटलं, आजी. आणि मग तिच्या ध्यानात आलं. त्या दुपारी स्पीकर बंद होते. गाणं फक्त तिच्या कानात होतं. मग भिंतीपलीकडच्या म्हातारीला तिचा ठेका कळला कसा? ती कुठे घसरली, कुठे सावरली, ते कळलं कसं?

तिनं खाली बघितलं. डब्ब्याच्या उजव्या बाजूला आठ रबरी बटणं असतात, चौकोनी. त्यांतली चार दबत होती. एक, मग दोन, मग एक. रबर खाली जायचं, वर यायचं. हात नव्हता. पण हळद होती. प्रत्येक दाबाला काळ्या रबरावर पिवळा ठसा उमटत होता, आणि तीन ठसे पुरते होते, चौथा अर्धा.

ती ओरडली नाही. तिला काय वाटलं ते तिनं मला सांगितलंय, पण ते मी तुला सांगणार नाही. तिनं हेडफोन काढले नि उजवीकडे ठेवले. कानाची बाजू वर करून. हळूच म्हणाली, "ऐका बाबा. घ्या. ऐका."

बटणं थांबली.

अख्खं एक गाणं थांबली. प्रांजलनं तेवढ्यात पुढचं गाणं घेतलं, जुळवलं, तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत सफाईदार जुळवलं. तिला वाटलं, आवडतंय. ऐकतायत.

गाणं संपता संपता मधली पट्टी सरकली. तिनं नाही सरकवली. आपसूक, अलगद, रिकाम्या बाजूला, शेवटपर्यंत. तिचं गाणं बंद झालं. गच्चीभर नुसती खटखट. तिनं पट्टी मागे ओढली. येईना. जोर नव्हता त्याच्यात, नुसता नकार होता. आणि बायका? बायकांना वाटलं हीच तर गंमत. टाळ्या वाजवून नाचायला लागल्या त्या ठेक्यावर. पाऊण तास. रश्मी लांबून अंगठा दाखवत होती.

प्रांजल हात बांधून उभी. करायला काही उरलंच नव्हतं. तिला धाकूचा तो प्रश्न आठवला, दारातला. आणि त्याचं हसू.

७

दुपारीच ती माझ्याकडे आली. गालाला हळद तशीच. डब्बा माझ्यापुढे आपटला.

"आजी, भिंत तूच ठोकलीस ना? सांग ना गं. तूच ना?"

"हो गो बाय, मीच."

"मग माझ्या कानातलं तुला ऐकू कसं आलं?"

मी आयुष्यात कधी गप्प बसले नाही. तेव्हा बसले. कारण दहाव्याच्या दिवशी मी घाटावरनं परस्पर मुलुंडला गेले होते, माझ्या मुलीकडे, चेतनाकडे. दोन दिवस तिथेच होते. इथे माझ्या दाराला कुलूप होतं. तिला खरं सांगितलं असतं तर ती घाबरली असती. घाबरली असती तर त्या हळदीला गेली नसती. पण मला एक मस्करी फुकटात मिळत होती ना.

तिनं माझ्या तोंडावरनं ओळखलं. बिस्किटांच्या डब्यात तिनं त्या तारा जपून ठेवल्या होत्या, त्या आणल्या, आणि इथे बसून बेंजोला पुन्हा लावल्या. मग एक मिक्स रेकॉर्ड केला, माझ्याच समोर, आणि मला ऐकवला. तिला वाटलेलं, आता तरी सूर येईल. आता तरी तो म्हणेल, झालं.

खट. खट-खट. लाकूडच. तारांचं त्याला आता काही पडलेलं नव्हतं.

तिनं तारा पुन्हा काढल्या. या वेळेला पक्कड नाही घेतली, बोटांनीच काढल्या. बोटं कापली तिची.

रश्मी अजून फोन करते, ती ठेकेवाली डीजे पाहिजे म्हणून. प्रांजल उचलत नाही. आता ती गोरेगावला रक्त तपासतात तिथे काउंटरवर बसते. कानात कधी काही घालत नाही. कोणी फॉर्म भरताना पेनाचं बटण खटखट केलं, की उठून बाहेर जाते. माझ्याशी बोलत नाही. डब्बा तेवढा माझ्याकडे ठेवलाय, कोणी घेतला तर दे म्हणून. तुझ्याआधी एक आकाश म्हणून आला होता. अर्ध्यातच उठून गेला, म्हणाला आजी, छान टाइमपास करता. तू मात्र पुरं ऐकलंस हो.

हसतेयस. हस. मी सुरुवातीलाच म्हटलं होतं, विश्वास नाही ठेवणार तू.

वायर नाही लावलेली त्याला, बघ. लॅपटॉप नाही. लाइट तर सकाळपासून गेलीय. आणि ऐकू येतंय ना? मी नाही गो. मी काय, परात बघ, दोन्ही हात वालात आहेत माझे. मनगटापर्यंत.

तिकडे नको बघूस. डब्ब्यातनं नाही येत ते. तू बसलीयस ना, ती बेंजोची पेटी आहे.

हळू ऊठ. त्याला ठेका मोडलेला आवडत नाही. डब्बा न्यायचा तर ने, नको तर राहू दे. पण जा आता. जा.